घरच्या घरी सँडब्लास्टिंग: हवेची जुळणी करतानाचा वर्षभराचा अनुभव

वडिलांनी १९८४ साली घेतलेली येझदी आमच्या कोल्हापूरच्या घरामागच्या शेडमध्ये सोळा वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असे ठरवून गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिचा एकेक भाग सुटा केला, तेव्हा इंजिनाच्या कामापेक्षा गंजाचे काम मोठे आहे हे ध्यानात आले. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन मी दोन रविवार फ्रेम घासली. सपाट भाग उजळले, पण वेल्डच्या बगलेत, ब्रॅकेटच्या मागे आणि मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बुशभोवती, म्हणजे जिथे बोट शिरत नाही तिथे, गंज होता तसाच राहिला. त्यावर रंग दिला असता तर पुढच्याच पावसाळ्यात फुगा येऊन रंग सुटला असता. अशा जागी पोहोचायला हवेच्या झोताबरोबर बारीक खडे मारणे, म्हणजेच ब्लास्टिंग, हाच खरा उपाय असतो.

आमच्या गावात ब्लास्टिंग करून देणारे अनेक आहेत. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांच्या जोडीला शॉट ब्लास्टिंगची कामेही. मात्र तिथली यंत्रे बिडाच्या जाड ओतकामासाठी असतात. त्यातल्या पोलादी छऱ्यांपुढे मडगार्डचा किंवा साइड बॉक्सचा पातळ पत्रा टिकत नाही, त्याला पोचे पडतात किंवा तो मुरडतो. शिवाय माझे काम एका दिवसात संपणारे नव्हते. आज एक ब्रॅकेट, पुढच्या आठवड्यात हबचे झाकण, असे ते वर्षभर चालणार होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हवेच्या दाबाचे आणि आकारमानाचे गणित मला नवे नव्हते. चाळीस हजार रुपयांच्या आत घरीच सगळी जुळणी बसवायची, असे मी ठरवले.

पहिला सल्ला घ्यायला मी ज्यांच्याकडे गेले, ते मामा पूर्वी एका फाउंड्रीत फेटलिंगच्या, म्हणजे ओतकाम साफ करण्याच्या, खात्यात होते आणि आता उद्यमनगरात कॉम्प्रेसर दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतात. मी काय करणार आहे हे ऐकून घेतल्यावर त्यांनी मशिनचा विषय काढलाच नाही. त्यांनी विचारले, "ताई, मारणार काय त्यातनं? वाळू?" नदीची वाळू चाळून वापरायचा विचार आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, "वाळू मारणार असशीला तर माझ्याकडनं नट-बोल्टसुद्धा मिळायचा न्हाई. माझ्या शेजारी उभा राहून काम करणारा माणूस जिना चढता येईना म्हणून घरी बसला. छातीत सिमेंट झालं हुतं त्याच्या."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. नदीच्या वाळूत स्फटिकरूपातली सिलिका भरपूर असते. ती वेगाने लोखंडावर आदळली की फुटते, आणि फुटलेल्या कणांतले सर्वांत बारीक कण डोळ्याला न दिसता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे ते कायमचे रुततात, भोवतीची ऊती निबर होत जाते आणि श्वास अपुरा पडू लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो उलटत नाही. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यापासूनच हा रोग आढळल्यास कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. ब्रिटनने तर १९४९ सालच्या नियमांनी कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमधून वाळूच काढून टाकली. नावात ‘सँड’ असले तरी या कामात वाळू वापरायची नाही, हे घरी काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी सांगते. मी गंजासाठी ८० मेशचे (म्हणजे इंचाला ८० छिद्रांच्या चाळणीच्या मापाचे) गार्नेट हे कठीण खनिज घेतले आणि ॲल्युमिनियमच्या भागांसाठी काचेचे मणी. गार्नेट आपल्याच देशात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर निघते. त्यात मोकळी सिलिका नगण्य असते आणि चाळून घेतले तर ते चार-पाच वेळा तरी वापरता येते. ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड त्याहून कठीण असतो आणि जास्त टिकतो, पण महाग पडतो.

आता मुख्य प्रश्न होता हवेचा. बाजारात कॉम्प्रेसर हॉर्सपॉवरवर आणि टाकीच्या लिटरवर विकला जातो, आणि घेणाराही तेवढेच विचारतो. ब्लास्टिंगला मात्र विचारायची गोष्ट एकच असते: कामाच्या दाबाला हे यंत्र मिनिटाला किती घनफूट हवा सतत देते. त्यालाच सीएफएम म्हणतात. टायरमध्ये हवा भरायला किंवा रंगाची गन चालवायला हवा थोडा वेळ लागते, म्हणून तिथे टाकीतला साठा पुरतो. ब्लास्टिंगची गन मात्र ट्रिगर दाबलेला असेपर्यंत हवा पीतच राहते. ती किती पिते हे गनमधल्या हवेच्या जेटच्या भोकावर ठरते, आणि भोकाचा व्यास दुप्पट झाला तर हवा चौपट लागते. ८० पौंड दाबाला (आमच्याकडे पीएसआयला सगळे पौंडच म्हणतात) ३ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे १७ घनफूट हवा जाते, तर २ मिलिमीटरच्या भोकातून साडेसात. एवढ्या एका गोष्टीवर पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो, तरी मी तिच्याकडे सुरुवातीला पुरेसे लक्ष दिले नाही. त्याची हकिगत पुढे येईलच.

१७ घनफूट सतत हवी असेल तर निदान साडेसात हॉर्सपॉवरचे यंत्र आणि थ्री फेज वीज लागते. माझ्या घरी सिंगल फेज आहे आणि त्यावर ३ हॉर्सपॉवर ही व्यवहारातली मर्यादा. मामांच्या ओळखीने बंद पडलेल्या एका टायरच्या दुकानातला ३ हॉर्सपॉवरचा, पट्ट्यावर चालणारा, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर १६० लिटरच्या टाकीसह १९ हजारांना मिळाला. थेट मोटरवर बसवलेले छोटे, बिनतेलाचे कॉम्प्रेसर त्याहून स्वस्त मिळत होते, पण ते तासन्‌तास चालवण्यासाठी नसतात आणि त्यांचा आवाजही कान किटवणारा असतो. पट्ट्याचा जुना कॉम्प्रेसर जड असतो आणि जागा खातो, पण त्याचा प्रत्येक भाग उद्यमनगरात मिळतो आणि दुरुस्त होतो. कमी पैशांत काम करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

आधीच्या मालकाने मोटरवर ८ इंची पुली चढवली होती. कॉम्प्रेसरचे चाक १२ इंची आणि मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे कॉम्प्रेसर मिनिटाला ९६० फेरे फिरत होता. असे केले की टाकी लवकर भरते, पण हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, तापते, रिंगा झिजतात आणि हवेबरोबर तेल वर येते. मामांनी हेड उघडून व्हॉल्व्ह प्लेटवर साचलेला काळा कोळसा मला बोटाने खरवडून दाखवला. आम्ही ६ इंची पुली बसवून फेरे ७२० वर आणले, रिंगा आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलल्या आणि १०० ग्रेडचे कॉम्प्रेसरचे तेल भरले. सिलिंडरचा व्यास ७० आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर. दोन सिलिंडरांचे मिळून एका फेऱ्याला ४६२ घनसेंटिमीटर होतात, म्हणजे ७२० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे ३३२ लिटर, अर्थात पावणेबारा घनफूट. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्ष किती हवा मिळते ते घरच्या घरी मोजता येते. टाकीचा नळ बंद ठेवून गेजचा काटा ६० पौंडांवरून १०० पौंडांवर जायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिले. २ मिनिटे ६ सेकंद लागले. १६० लिटरच्या टाकीत दाब ४० पौंडांनी, म्हणजे पावणेतीन बारने चढवायला बाहेरची सुमारे ४४० लिटर हवा लागते. तिला २.१ ने भागले की मिनिटाला २१० लिटर, म्हणजे ७.४ घनफूट. जुना कॉम्प्रेसर घेणाऱ्याने ही मोजणी विकणाऱ्याच्या दारात उभे राहून करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पाटीवर काहीही लिहिलेले असो, काटा आणि घड्याळ खरे ते सांगतात.

टाकीबाबत मात्र मामा माझ्याहून हट्टी निघाले. दाबलेल्या हवेतले पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि पत्रा आतून खात जाते. बाहेरून रंग नवा दिसतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. १२० पौंडांवर अशी टाकी फाटली तर शेडसुद्धा उरत नाही. म्हणून टाकी पूर्ण पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दिला. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी ते झिरपते, स्फोट होत नाही. काटा १६० वर असताना तळाच्या वेल्डजवळ घामासारखे थेंब दिसले आणि बघता बघता त्यांची धार झाली. वेल्डिंग मारून ते भोक बुजवता येईल, असे शेजारच्या एका कारागिराने सुचवले. मामांनी नकार दिला आणि मलाही तो पटला, कारण एका जागी भोक पडले म्हणजे आजूबाजूचा पत्राही तितकाच खाल्लेला असतो. चाचणीचा दाखला असलेली नवी १६० लिटरची टाकी साडेनऊ हजारांना आली आणि माझे चाळीस हजारांचे गणित तिथेच मोडले. पैसे वाचवण्यासाठी काही जण स्वयंपाकाच्या गॅसचे जुने सिलिंडर हवेच्या टाकीसाठी वापरतात. ते कोणीही करू नये. त्याच्या तळाचे पाणी काढायला जागा नसते, आतला गंज दिसत नाही, आणि ते सिलिंडर मुळात आपल्या मालकीचेही नसते.

विजेचे काम मी परवानाधारक वायरमनकडून करून घेतले आणि महावितरणकडे घराचा मंजूर भार वाढवून घेतला. सिंगल फेजची ३ हॉर्सपॉवरची मोटर चालताना १५ ॲम्पिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट ओढते. मीटरपासून शेडपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग एवढे झाल्याशिवाय मी मोटर जोडली नाही. तरीही आठवडाभराने एमसीबी पडू लागला, मोटर नुसती गुणगुणायची आणि चाक हलायचे नाही. दोष विजेत नव्हता. प्रेशर स्विच मोटर बंद करतो त्या क्षणी ‘फुस्स’ असा आवाज येतो. हेडमध्ये अडकलेली हवा सोडून देणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा तो आवाज असतो. कचऱ्याने तो अडकला होता, त्यामुळे पुढच्या वेळी मोटरला भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागत होते. व्हॉल्व्ह साफ केल्यावर सगळे सुरळीत झाले. आता मोटर थांबली की मी तो आवाज मुद्दाम ऐकते.

जानेवारीत पहिल्यांदा गन चालवली. बाजारातून आणलेली साधी सायफन गन होती ती. तिच्यात हवेचा झोत नळीतून खडे वर ओढून घेतो आणि नोझलमधून फेकतो. टाकी १२० पौंडांवर, गनला जाणारा दाब ठरवणारा रेग्युलेटर ८० वर. ट्रिगर दाबला आणि स्टँडच्या पायावरचा गंज डोळ्यांदेखत उडून खालचे राखाडी लोखंड उघडे पडले. तो आनंद दीड मिनिट टिकला. काटा ८० च्या खाली आला, झोत मवाळ झाला आणि खडे लोखंडावर नुसते सांडू लागले. जेट काढून ड्रिलच्या काड्यांनी भोक मोजले तर ते ३ मिलिमीटरचे निघाले. म्हणजे गन १७ घनफूट पीत होती आणि कॉम्प्रेसर ७.४ देत होता. साडेनऊ घनफुटांची तूट टाकीतल्या साठ्यातून भागत होती, आणि १२० पासून ८० पर्यंतचा तो साठा साडेपंधरा घनफूट. भागाकार दीड मिनिटच येतो. वर्गात मी हे गणित वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवत आले आहे. ते आधी करून मग गन घ्यायला हवी होती.

दुसरी टाकी जोडण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. त्याने मूळ तूट भरून निघत नाही, टाकी रिकामी व्हायला थोडा जास्त वेळ लागतो इतकेच, आणि नंतर ती भरायलाही तितकाच जास्त वेळ जातो. मी टाकी न वाढवता जेट बदलला. खरादीवर पितळेचे दोन जेट करून घेतले, एक २ मिलिमीटरचा आणि एक अडीचचा, आणि जोडीला ६ मिलिमीटरचे सिरॅमिक नोझल. २ मिलिमीटरच्या जेटला ८० पौंडांवर साडेसात घनफूट लागते, म्हणजे कॉम्प्रेसर देतो जवळजवळ तेवढेच. काम सावकाश होते पण थांबत नाही. अडीचच्या जेटला दाब ६० पौंडांवर ठेवला तर सव्वानऊ घनफूट लागते. तूट दोन घनफुटांपेक्षा कमी, त्यामुळे १२० पौंडांपर्यंत भरलेली टाकी सुमारे १२ मिनिटे साथ देते. तेवढ्यात माझे हातही दुखू लागतात आणि हेडही तापते. १२ मिनिटे काम आणि ८ मिनिटे विश्रांती हा क्रम मी तेव्हापासून पाळते. पिस्टनचा कॉम्प्रेसर तासभर न थांबता पळवला तर तेल पातळ होऊन वर चढते, म्हणून ही विश्रांती माझ्याइतकीच त्याच्याही गरजेची आहे.

हिवाळ्यात हे छान जमले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सगळे बिघडले. पाच मिनिटे चालली की गन अडखळायची, खोकल्यासारखे आवाज करायची आणि मग खडे येणेच बंद व्हायचे. नळी काढली तर आत गार्नेटचा ओला गोळा, भिजलेल्या रव्यासारखा. गनच्या आधी मी बाजारातला वॉटर सेपरेटर बसवलेला होता आणि त्याच्या वाटीत पाणीही साचत होते. मग हे पाणी येत होते कुठून?

उत्तर मिळायला दोन आठवडे गेले, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी धडा मला तिथेच मिळाला. जुलैत आमच्याकडे हवेत घनमीटरमागे वीस-एकवीस ग्रॅम वाफ असते. माझा कॉम्प्रेसर तासाला साडेबारा घनमीटर हवा ओढतो, म्हणजे हवेबरोबर तासाला पाव लिटरहून अधिक पाणी आत येते. ती हवा दाबून नवव्या हिश्श्यात बसवल्यावर बहुतेक पाणी तिच्यात मावत नाही आणि बाहेर पडते, मात्र हवा गार झाली तरच. हेडमधून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर तापलेली असते आणि सतत काम चालू असताना टाकीलाही हात लावून ठेवता येत नाही. गरम हवेत पाणी वाफ होऊन लपून राहते. सेपरेटर थेंब अडवतो, त्याला वाफ अडवता येत नाही. वाफ त्याच्यातून सुखाने पार होते, पुढे नळीत हवा गार होते, नोझलपाशी फुगताना आणखी गार होते, आणि पाणी नेमके खड्यांत सुटते. माझा सेपरेटर निर्दोष होता, मी त्याला चुकीच्या ठिकाणी बसवले होते. हवा आधी गार करायची आणि मगच पाणी वेगळे करायचे, हाच त्याचा क्रम असतो.

हवा गार करण्याचे यंत्र विकत घ्यायचे तर वीस-पंचवीस हजार लागले असते. मी भंगार बाजारातून एका मोटारीच्या एसीचा कंडेन्सर आणला. तो मुळातच हवेच्या कॉम्प्रेसरपेक्षा बऱ्याच जास्त दाबासाठी बनवलेला असतो. त्याच्यातले जुने तेल उघड्या अंगणात थिनरने तीनदा धुऊन काढले आणि रात्रभर हवा सोडून तो पूर्ण कोरडा केला, कारण तेल किंवा थिनरचा अंश गरम हवेत राहणे धोक्याचे असते. हेडपासून चार फूट तांब्याची नळी, मग पंख्यापुढे उभा केलेला कंडेन्सर, त्याच्या तळाशी पाणी काढायचा नळ, आणि तिथून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमार्गे टाकी, अशी मांडणी केली. हेड आणि टाकी यांच्यामध्ये हाताने बंद होणारा एकही नळ ठेवला नाही आणि कंडेन्सरच्या आधी एक वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पुढे काही तुंबले तरी दाबाला वाट राहते. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने मी टाकीच्या आधीच्या नळीला भीत भीत बोट लावले. ती कोमट होती. खालचा नळ उघडला तर पांढुरके, तेलकट पाणी पेलाभर निघाले. तेवढे पाणी आदल्या दिवसापर्यंत माझ्या गार्नेटमध्ये जात होते.

टाकीनंतरची पाइपलाइनही मी बदलली. आधी टाकीपासून गनपर्यंत नुसती रबरी नळी होती. आता शेडच्या भिंतीवरून अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप २० फूट फिरवला आहे, टाकीकडे किंचित उतार देऊन. गनसाठीचा फाटा पाइपच्या वरच्या बाजूने काढला, म्हणजे तळाने वाहणारे पाणी त्यात उतरत नाही, आणि पाइपच्या टोकाला खाली लोंबणारा एक फूटभर तुकडा नळासह ठेवला. सेपरेटर आणि रेग्युलेटर आता या पाइपच्या शेवटी आहेत, जिथे हवा खोलीइतकी गार होऊन पोहोचते. प्लंबरने पीव्हीसी पाइप सुचवला होता, तो स्वस्तही पडला असता. पण दाबलेल्या हवेखाली पीव्हीसी फुटला तर त्याचे धारदार तुकडे गोळीसारखे उडतात. हवेसाठी तो कधीच वापरायचा नसतो.

पेटीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जुने लोखंडी कपाट आडवे केले, त्याला तिरकी काच, दोन हातमोजे आणि आत एलईडी दिवा बसवला. काच खड्यांनी आंधळी होते म्हणून तिच्यावर पारदर्शक फिल्म चिकटवते आणि महिन्याला बदलते. धूळ ओढायला व्हॅक्यूम क्लीनर आहे आणि त्याच्या आधी हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणारा, प्लास्टिकच्या पिंपाचा सायक्लोन, त्यामुळे जड धूळ पिंपात पडते. पेटी बंद असली तरी मी अतिबारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० काडतुसांचा अर्धा मास्क आणि कानांवर मफ घातल्याशिवाय ट्रिगरला हात लावत नाही. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंग आधी पेंट रिमूव्हरने काढते आणि गंजच तेवढा गनसाठी ठेवते. मात्र एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. कोरड्या हवेत गन चालवताना कोपरापर्यंत झटका बसायचा. मी आधी वीज उतरते आहे असे समजून मोटर बंद केली, पण झटका तरीही बसला. नळीतून घासत जाणाऱ्या खड्यांमुळे स्थिर विद्युत तयार होत होती. गनच्या दांड्याला आणि पेटीला तांब्याची वायर जोडून अर्थ केल्यावर ते थांबले.

फ्रेमचे काम ऑगस्टमध्ये केले. फ्रेम पेटीत मावत नाही, म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना जाड रबराचे पडदे लावून ती अर्धी अर्धी आत सरकवली. पहिल्यांदा हेडस्टॉकवरचा, म्हणजे हँडल बसते त्या नळीवरचा, चासी नंबर झाकला. हा नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडी पास होत नाही आणि मालकाची बाजू कितीही खरी असली तरी सिद्ध करता येत नाही. त्यावर सायकलच्या ट्यूबचे दोन थर आणि वर कापडी टेप लावला आणि तो भाग शेवटी हातानेच साफ केला. मग हेडस्टॉकच्या खालच्या वेल्डवर, जिथे दोन रविवार ब्रशने काही झाले नव्हते, तिथे गन धरली. झोत सरळ न मारता ६० अंशांत, सहा इंचांवरून. तपकिरी थर आधी ठिपक्याठिपक्यांनी फुटला, मग त्याखालचा काळा थर सुटला, आणि शेवटी वेल्डचा एकेक वळसा, कारखान्यात टाकला होता तसा, राखाडी आणि खरबरीत उभा राहिला. तिथे मला केसाएवढी एक तड दिसली. रंगाखाली ती कधीच दिसली नसती. दुसऱ्या दिवशी ती खणून वेल्ड करून घेतली.

पावसाळ्यात उघडे लोखंड तीन-चार तासांत पुन्हा तांबूस दिसू लागते, म्हणून जेवढा भाग संध्याकाळपर्यंत प्रायमरखाली जाईल तेवढाच सकाळी घ्यायचा, असा नेम मी केला. ब्लास्ट केलेल्या लोखंडाला उघड्या हाताने शिवत नाही, बोटांचे ठसेसुद्धा दुसऱ्या दिवशी गंजून उठतात. दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर या खरबरीत पृष्ठभागाला जसा धरतो तसा साधा रेडऑक्साइड धरत नाही, असा माझा अनुभव आहे. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कॉम्प्रेसरभोवती विटांची कमरेएवढी भिंत घातली, हवेसाठी दोन बाजू मोकळ्या ठेवल्या, आणि काम सकाळी दहा ते एक याच वेळेत ठेवले.

एकूण खर्च ४८ हजार १०० रुपये झाला. कॉम्प्रेसर १९ हजार आणि टाकी साडेनऊ हजार हे मोठे आकडे. पाइप, सेपरेटर आणि रेग्युलेटर मिळून ४,२००, पेटी साडेपाच हजार, वायरिंग ३,१००, मास्क आणि काडतुसे २,४००, गन, जेट आणि नोझल १,८००. कंडेन्सर, तांब्याची नळी आणि पंखा यांवर फक्त २,६०० रुपये गेले, आणि या सगळ्यांत सर्वांत मोलाचे काम त्यांनी केले. पुन्हा करायची वेळ आली तर मी गनच्या जेटपासून सुरुवात करीन, त्यावरून कॉम्प्रेसर ठरवीन आणि हवा गार करण्याची सोय पहिल्याच दिवशी बसवीन.

आता स्विंगआर्म आणि दोन्ही हब उरले आहेत. काल संध्याकाळी काम संपल्यावर नेहमीप्रमाणे तिन्ही नळ उघडून पाणी काढले. कंडेन्सरच्या तळाचे पाऊण पेला निघाले, टाकीचे दोन चमचे, आणि पाइपच्या टोकाच्या नळातून नुसती हवा आली. तळहात तिच्यापुढे धरला, तो कोरडा राहिला. मग मेन स्विच बंद केला.